पांढरं जाईपर्यंत

पनवेलला कुणी जात नाही, पनवेलवरून जातात. आम्हा नागपूरकरांचा तरी असाच समज आहे. गोव्याला किंवा कोकणात जाताना गाडी थांबते, पाय मोकळे केले जातात, कुणीतरी चहाला नावं ठेवतं, ते पनवेल. मी मात्र गेल्या मार्चमध्ये खास पनवेललाच गेले आणि चार दिवस राहिले. परत आल्यावर शेजारणींनी "काय काय पाहिलंत?" असं विचारलं, तेव्हा मला धड काही सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी जाण्याचं कारण. माझा धंदा हाडांचा. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही कॅल्शियम आणि फॉस्फेटपासून पांढरे दाणे बनवतो, रव्यापेक्षा मोठे आणि साबुदाण्यापेक्षा लहान. हाडातली गाठ काढली की मागे पोकळी राहते, तिच्यात हे दाणे भरायचे. आपलं हाड मुख्यतः याच द्रव्यांचं असल्यामुळे शरीर त्यांना परकं मानत नाही. ते दाणे हळूहळू विरघळवतं आणि त्या जागी स्वतःचं हाड घालतं. सगळी कसरत त्या 'हळूहळू'ची आहे. दाणे लवकर गेले तर पोकळी तशीच राहते, फार उशीर लागला तर हाडात खडी अडकून बसते. हा वेग साधायला आम्ही दाण्यांत चिमूटभर मॅग्नेशियम घालत होतो. मॅग्नेशियम घातलं की कॅल्शियम फॉस्फेट जास्त विरघळतं, हे मी माझ्या पीएचडीत दाखवलं होतं आणि त्यानंतर पंचवीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते.

वर्षापूर्वी, रीतसर परवानग्या घेऊन, पनवेलच्या एका लहान हॉस्पिटलात हे दाणे एका माणसाच्या नडगीत भरले गेले. गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती. नऊ महिन्यांत एक्स-रेमधला दाण्यांचा पांढरा ठिपका पुसट व्हायला हवा होता. वर्ष उलटलं तरी तो जसाच्या तसा. मग डॉक्टरांचा फोन आला. शुक्रवारी पाय पुन्हा उघडायचा, दाणे खरवडून काढायचे आणि रुग्णाच्याच कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं, असं ठरत होतं. "त्याच्याआधी तुम्ही एकदा येऊन बघाच, मॅडम," ते म्हणाले.

सोमवार, पनवेल

डॉक्टर इम्तियाज चाळिशीचे, पनवेलचेच. बाप-आजोबांचं बाजारात किराणा दुकान होतं. चुलते गल्फमध्ये गेले आणि हे शिकत राहिले. मी लॉजवर बॅग टाकून, घामाने निथळत त्यांच्या हॉस्पिटलात पोहोचले. नागपूरचा उन्हाळा माणसाला भाजतो, इथला उकडतो. आमच्याकडे धुतलेली ओढणी तासाभरात पापडासारखी वाळते. इथे मी सोमवारी धुतलेली ओढणी गुरुवारी ओलीच बॅगेत भरली.

त्यांनी एक्स-रे लावले. गुडघ्याच्या खाली मूठभर पांढरा शुभ्र ढीग. पहिल्या महिन्याचा एक्स-रे आणि परवाचा, दोन्ही शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते मला सांगता आलं नसतं.

"खरं सांगतो मॅडम, पुन्हा ओपन करायला दिल नाही मानत," डॉक्टर म्हणाले. "साठीचा माणूस आहे, शुगर आहे. पण असं किती दिवस लटकवून ठेवू त्याला? तुमच्या शीटवर क्लिअर लिहिलंय."

आणि त्यांनी रुग्णाचं कार्ड पुढे केलं. त्यावर मराठीत छापलं होतं: दाणे विरघळेपर्यंत या पायावर भार देऊ नये. वाक्य माझंच होतं. दाणे पाठवताना सोबतच्या कागदावर मी ते खबरदारी म्हणून घातलं होतं. माझ्या हिशेबाने दाणे नऊ महिन्यांत संपणार होते, त्यामुळे त्यात कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

मी तिथे बऱ्याच गोष्टी बोलले. दाणे भरताना रक्त किती होतं, रुग्ण कॅल्शियमच्या गोळ्या घेतो का, एक्स-रेचं मशीन कोणतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं माझं. मला खरं तर विचारायचं होतं, "तुमच्याकडून काही चुकलं का?" डॉक्टर शांतपणे सगळ्याची उत्तरं देत राहिले.

रात्रीचं जेवण त्यांच्या घरी. त्यांच्या अम्मींनी सांदणं केली होती, तांदळाची गोडसर, वाफवलेली, नारळाच्या दुधात बुडवून खायची. मी तिसरं नको म्हटलं तर त्या म्हणाल्या, "खावा बेटा, नागपूर लांब आहे." नागपूर लांब असल्याचा आणि सांदणाचा संबंध मला अजून कळलेला नाही, पण मी चौथंही खाल्लं.

मंगळवार, खाडीकाठी

सकाळी रिक्षाने रुग्णाच्या गावी निघाले. नव्या विमानतळाच्या भरावाला वळसा घालून रस्ता खाडीकडे जातो. रिक्षावाल्याने मला आधी भलत्याच गावात नेऊन सोडलं आणि वर म्हणाला, "मॅडम, दोन वर्षांपूर्वी रस्ता इथूनच होता." तिथली एकूण परिस्थिती पाहता मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

रुग्णाचं, म्हणजे हिराजींचं, घर दुमजली, गुलाबी रंगाचं, पायऱ्यांना चकचकीत फरशी. जमीन गेली तेव्हाच्या पैशातून अशी घरं गावभर उभी आहेत. आगरी माणसांचं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या भात आणि मीठ पिकवत आलं. आता बरेच जण बांधकामाच्या आणि गाड्यांच्या धंद्यात आहेत. हिराजींच्या घरच्यांनी मात्र एक मिठागर अजून चालू ठेवलं आहे. ओटीवर खुर्चीत ते बसले होते, आणि खुर्चीशेजारी वॉकर.

"या बाय, या. नागपूरशी आलाव? आदी पानी घ्या."

मी दाण्यांची नमुन्याची बाटली काढून दाखवली. त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी ती उजेडात धरून हलवली. "ह्यो त साबुदाना हाय!"

"माज्या पायान उपासाचा साबुदाना भरलाय," हिराजी म्हणाले, आणि दोघं हसली. मीही हसले. मग त्यांनी धोतर वर केलं आणि माझं हसू तिथेच राहिलं. उजवी पोटरी उभं आयुष्य मिठागरात चाललेल्या माणसाची होती. डावी तिच्या निम्मीसुद्धा नव्हती. कातडी सैल होऊन हाडावर लोंबत होती.

"पाय अगदीच वापरत नाही का?" मी विचारलं.

"कसा वापरीन? तुमीच सांगितलाव ना, पांढरा जाईपरत टेकायचा नाय." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, होता तो अभिमान. "वरीस झाला, एकदा पन नाय टेकला. इचारा हिला."

"रातचा मोरीन जाताना पन नाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी उचलतंय ना."

त्या बारीक चणीच्या आहेत, माझ्या खांद्याला लागतील. वर्षभर रोज हा माणूस त्यांनी उचलला.

हिराजींना मला मिठागर दाखवायचं होतं, पण बांधावरून वॉकर जात नाही. म्हणून सुभद्राबाई माझ्याबरोबर आल्या आणि ते ओटीवरून बघत राहिले. चौकोनी वाफ्यांत पाणी चमकत होतं, कडेला मिठाचे ढीग. लाकडी फळीने बायका मीठ ओढत होत्या. मी बांधावर घसरले आणि माझी एक चप्पल चिखलाने गिळली. सुभद्राबाईंनी दंडापर्यंत हात घालून ती बाहेर काढली आणि काही न बोलता धुऊन माझ्यापुढे ठेवली. आमच्याकडे अशा वेळी आधी हसतात, मग मदत करतात.

एका वाफ्याचं पाणी बांध फोडून सोडून देत होते. "पाणी का टाकून देता?" मी विचारलं.

"तं कडू पानी, बाय. मीठ धरला का उरलेला पानी सोडायचा. राहिला त मिठाला नुसता पानी सुटतंय, कोन घेत नाय."

मी बोट बुडवून चाखलं. कडूजहर. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! समुद्राच्या पाण्यातलं मीठ खाली बसलं की वरच्या पाण्यात उरतं ते मुख्यतः मॅग्नेशियम. तेच हवेतली ओल ओढून घेतं आणि मिठाला पाझर फोडतं. माझा पंचवीस वर्षांचा सिद्धांत इथे बायका लुगडी खोचून रोज बघत होत्या. मी तिथेच वहीत टिपून घेतलं.

घरी परतल्यावर तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं समोर आलं. आमच्या ज्वारीच्या भाकरीला चावावं लागतं, ही तोंडात घातली की नाहीशी होते. जेवता जेवता मी हिराजींना ऐटीत सांगितलं, "त्या कडू पाण्यात जे आहे तेच तुमच्या दाण्यांत घातलंय. मिठाला जसं पाणी सुटतं, तसे तेही विरघळतात."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचार केला. "मंग माज्या पायान का नाय सुटला?"

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. शास्त्रज्ञाला ठाऊक नसलं की तो हे वाक्य बोलतो. मीही ते आजवर कितीदा बोलले असेन.

निघताना सुभद्राबाई फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "सुक्रवारी परत कापनार का? मागल्या खेपंला सुद्दीवर येवाला लय येल लागला. तं काय बोलत नाय, पन भितंय."

मंगळवार दुपार, खारघर

खारघरला माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली एका कॉलेजात शिकवते. वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती, मागे डोंगर आणि मध्ये रुंद रस्ते. नागपुरात इतक्या रुंद रस्त्यावर गाई बसल्या असत्या. इथे सगळी मुलं कानात काहीतरी घालून चालत होती.

वैशालीच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन बाटल्या मांडणार होतो. एकीत मॅग्नेशियम नसलेले दाणे, दुसरीत मॅग्नेशियमवाले, हिराजींच्या पायात भरले त्याच घाण्यातले. दोन्हींत सारखंच किंचित आंबट द्रावण, अंगाइतक्या उबेला चोवीस तास ठेवायचं आणि किती कॅल्शियम बाहेर आलं ते मोजायचं. माझी खात्री होती की मॅग्नेशियमच्या बाटलीत जास्त येणार, आणि मग दोष रुग्णाच्या शरीरात आहे हे सिद्ध होणार.

वैशाली दाणे तोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मॅडम, आपली आधीची विद्राव्यतेची टेस्ट कच्च्या पावडरवर झाली होती की भाजलेल्या दाण्यांवर?"

"काय फरक पडतो? द्रव्य तेच," मी फटकन म्हणाले.

मला वाटतं, विद्यार्थिनी होती तेव्हापासूनच ती मला उलट बोलत नसावी. पण तिचा तोलणारा हात थांबला होता. मी त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिले, आणि तिचा प्रश्न मला तेव्हा कळला.

ज्यांना या विषयाची गोडी नाही त्यांनीही एवढं ऐकावं, कारण पुढचं सगळं यावर आहे. आम्ही आधी पाण्यात एक भुकटी तयार करतो. ती कच्च्या हाडासारखी असते. तिच्यात मॅग्नेशियम घातलं की तिची घडण विस्कटते आणि ती जास्त विरघळते. माझी पीएचडी यावरच. पण दाणे करायला ती भुकटी आम्ही भट्टीत हजार अंशांच्याही वर भाजतो. भाजल्यावर तिचा स्फटिकच बदलतो. या नव्या स्फटिकात काही जागा अशा असतात की कॅल्शियमला त्या आखूड पडतात आणि मॅग्नेशियमला अगदी मापात बसतात. मॅग्नेशियम तिथे जाऊन बसलं की स्फटिक आवळला जातो आणि कमी विरघळतो. कच्च्यात जे सैल करतं, तेच भाजलेल्यात घट्ट करतं. कच्चा रवा आणि भाजलेला रवा एकाच गव्हाचे असले तरी पाण्यात सारखे वागत नाहीत, हे कुठलीही सुगरण सांगेल.

हे नवं ज्ञान नव्हे. पुस्तकांत आहे. एम.एस्सी.च्या मुलांना हे मी स्वतः शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. परवानगी देणाऱ्या कमिटीने कागद मागितले तेव्हा भुकटी हाताशी होती आणि तिचा निकाल चार दिवसांत मिळत होता, म्हणून विद्राव्यता भुकटीची तपासली. दाण्यांची तपासली मजबुती, शुद्धता, निर्जंतुकता. यादीत 'विद्राव्यता' या शब्दापुढे बरोबरची खूण पडली, आणि ती खूण कशाची हे कुणी विचारलं नाही. यादी मी केली होती.

"बाटल्या लाव," मी वैशालीला म्हणाले. "बघू या."

बुधवार, कर्नाळा

चोवीस तास थांबण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. लॉजच्या खोलीत बसवेना. म्हणून सकाळी कर्नाळ्याला गेले. गोव्याच्या हमरस्त्याला लागूनच अभयारण्य आहे, वर किल्ल्याचा सुळका, उगारलेल्या अंगठ्यासारखा. फाटकावर रखवालदाराने प्लास्टिकसाठी पिशवी तपासली आणि दाण्यांची बाटली बाहेर काढली.

"ये काय हाय?"

"हाडात भरायचं औषध."

"खत हाय का?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "पाखरांना घालू नका," असं बजावून त्याने बाटली परत दिली.

किल्ल्यावर जायची गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. खाली एका दगडावर बसले. पांगारा फुलला होता. आमच्याकडे या दिवसांत पळस असतो. झाडीत कुठेतरी भारद्वाज घुमत होता आणि खालून ट्रकांचा आवाज येत होता. एक मध्यमवयीन जोडपं वर चढत होतं. नवरा पुढे जाऊन थांबायचा, बायको पोहोचली की पुन्हा निघायचा. मी त्यांचे पाय बघत होते. टाच टेकते, मग चवडा, मग सगळा भार त्या पायावर येतो आणि दुसरा उचलला जातो. आयुष्यभर हाडांवर काम केलं, पण चालणं इतक्या बारकाईने मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मला भीती वाटत होती. निकालाची नव्हे, तो मला आदल्या दिवशीच कळला होता. भीती वाटत होती ती कुठली तरी पळवाट सापडेल आणि मी ती घेईन याची. "प्रत्येकाची प्रकृती वेगळी" हे वाक्य अजून माझ्या जिभेवर होतं. हिराजींना शंका आली नसती. डॉक्टरांनाही कदाचित नसती आली.

संध्याकाळी वैशालीने दोन्ही बाटल्यांचं द्रावण मोजायला घेतलं. नळीतून थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंगाचा निळा झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं बाहेर आलेलं कॅल्शियम जास्त. साध्या दाण्यांचा रंग पालटायला बराच वेळ लागला. मॅग्नेशियमच्या बाटलीतलं द्रावण थोड्याच थेंबांत निळं झालं. तिने पुन्हा केलं. मग मी केलं. निळं तितक्यातच झालं.

"सॉरी, मॅडम," वैशाली म्हणाली.

"तू कशाला सॉरी म्हणतेस, वेडाबाई," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. तिने मला कॅन्टीनचा अति गोड चहा आणून दिला आणि मी तो सगळा प्याले.

गुरुवार, पुन्हा खाडीकाठी

सकाळी सातला, दुसऱ्या कुणाला भेटण्याआधी, मी लॉजवरूनच तीन फोन केले. हे दाणे आणखी तीन ठिकाणी वापरले होते. तिन्ही डॉक्टरांना सांगितलं: दाणे सांगितल्यापेक्षा पुष्कळ उशिरा जातील, त्यांच्या जाण्यावर काही अवलंबून ठेवू नका, आणि भाराबद्दलचं माझं वाक्य खोडा. मग डॉक्टर इम्तियाजकडे गेले.

त्यांनी ऐकून घेतलं. चिडतील असं वाटलं होतं. ते उठले आणि त्यांनी दोन सीटी स्कॅन काढले, एक ऑपरेशनच्या तयारीसाठी बुधवारी केलेला आणि एक दिवाळीतला.

"कालचा बघून मीच रात्रभर जागा आहे," ते म्हणाले. "दाणे आहेत तसेच आहेत. पण त्यांच्या मधून मधून हाड भरलंय, मॅडम. पक्कं. आणि हे दिवाळीतलं बघा."

दिवाळीच्या रिपोर्टची पहिली ओळ होती, दाणे कायम आहेत. तिच्याखाली पेनाने रेघ मारलेली होती. चौथी ओळ होती, दाण्यांमध्ये नवं हाड सर्वत्र दिसते. तिच्याखाली काही नव्हतं.

"रेघ माझी आहे," डॉक्टर म्हणाले. "कार्डवर लिहिलंय विरघळेपर्यंत, म्हणून मी विरघळलं का एवढंच बघत होतो. ही गलती माझीपण आहे."

हिराजींच्या घरी आम्ही दोघं गेलो. मी एकटीनेच जावं असं मला वाटत होतं, पण डॉक्टर म्हणाले, "पेशंट माझा आहे." ओटीवर बसल्यावर सुभद्राबाईंनी पाणी दिलं. मी ते तसंच हातात धरून बोलायला सुरुवात केली.

"उद्याचं ऑपरेशन नाही. दाणे काढायची गरज नाही. ते अजून काही वर्षं राहतील, पण त्यांचा त्रास नाही. त्यांच्यामधून तुमचं हाड भरून आलंय. तुम्हाला पाय टेकता येईल. आधी थोडा, मग पूर्ण."

सुभद्राबाईंनी दोन्ही हात जोडून डोळे मिटले. हिराजी माझ्याकडेच बघत होते.

"म्हंजी पांढरा गेला नाय तरी चालंल?"

"चालेल. पांढरं जाईपर्यंत थांबायला मी सांगितलं, ते चुकीचं होतं. दाणे विरघळतील असं मला वाटलं होतं. मी कच्च्या भुकटीवर तपासलं आणि तुमच्या पायात भाजलेले दाणे भरले. भाजल्यावर ते उलट वागतात. हे मला माहीत असायला हवं होतं, नव्हे, माहीत होतं. चूक माझी आहे."

डॉक्टरांनीही आपलं सांगितलं, थोडक्यात. हिराजींनी दोघांचं ऐकलं. मग अगदी सरळ, माहिती विचारावी तसं विचारलं, "मंग मला कवापासना टेकता आला असता?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले. "दिवाळीपासून तरी."

मग सुभद्राबाई फरशीकडे बघत म्हणाल्या, "पोरीचा लगीन तुलशीच्या लग्नामागून झाला."

मला त्यांना मुलगी आहे हेही माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. सुभद्राबाई हळूहळू सांगत गेल्या, मला नव्हे, फरशीलाच. एकुलती एक पोर. हळदीला गाव नाचलं, बाप मांडवात खुर्चीत बसून होता. निघताना पोर त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, गाडीपर्यंत तरी चल ना, बाबा. गाडी वेशीवर उभी होती, लांब नव्हतं. वॉकर धरून निघेन, जरा टेकला तर काय होतंय, असं तो म्हणालाही होता. तेव्हा बायकोनेच अडवलं. डॉक्टरांच्या कार्डावर लिहिलंय म्हणाली. मग पोरीला चुलत्याने धरून नेलं.

"मीच नको बोलली," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरला.

हिराजींनी हात लांब करून त्यांच्या मनगटाला धरलं. नंतर डॉक्टरांना म्हणाले, "उठवा मला."

डॉक्टरांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. उजव्या पायावर ते सवयीने उभे राहिले. डावा पाय हवेतच राहिला. वर्षभर तो उचललेला ठेवायची इतकी सवय झाली होती की त्यांना तो खाली सोडता येईना. "हळू," डॉक्टर म्हणाले. अंगठा टेकला, मग चवडा. टाच बऱ्याच वेळाने टेकली. सगळा पाय लटलट कापत होता आणि कपाळावरून घाम वाहत होता. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जड झाला, मग थोडा हलका झाला. तो हलका झाला तेवढा भार त्या पायाने घेतला होता. एक मिनिटही झालं नसेल. मग ते खुर्चीत बसले आणि धापा टाकत हसले.

रोज किती वेळ उभं राहायचं ते डॉक्टर सुभद्राबाईंना समजावत होते. मी निघण्यासाठी उठले. माफी मागून झाली होती, आणि त्या माफीने वेशीपर्यंतची ती पन्नास-शंभर पावलं कुणाला परत मिळणार नव्हती. मी वाकून नमस्कार केला. ते माझ्याच वयाचे असतील, थोडे मोठे.

"बाय," त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली केला. "एक करा. ह्यो आमचे पोरीला कलू देव नका. बापाला उठता येत नवता, असा तिला वाटतंय ना, तसाच राहू दे."

मी हो म्हटलं.

ती मुलगी बारावीपर्यंत शिकलेली आहे आणि वाचनाची तिला आवड आहे, असं सुभद्राबाईंनी फाटकाशी सांगितलं. म्हणून मी इथे गावाचं नाव लिहिलेलं नाही, आणि माणसांची नावं खरी नाहीत.